नवी येतेय म्हणून थांबायचं की आहे ती घ्यायची? वालचंद हिराचंद प्रत्येक वेळी आहे ती घेत गेले

गणपती तोंडावर आले की कणकवलीत हायवेच्या दोन्ही अंगांना गाड्यांच्या गप्पा सुरू होतात. मुंबईचा चाकरमानी गावी यायच्या आधीच फोनवर विचारून ठेवतो, यंदा दसऱ्याला गाडी घ्यायची का. आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी बातमी आणतं की त्याच गाडीचं नवं मॉडेल तीन-चार महिन्यांत येतंय.

मग खरी पंचाईत होते. जुना स्टॉक संपवायचा म्हणून शोरूमवाला सूट द्यायला तयार असतो. पण आज घेतली तर शिमग्यापर्यंत आपली गाडी जुन्या तोंडाची ठरणार आणि पुढे विकताना त्याचा फटका बसणार. थांबावं तर सूट जाणार, मुहूर्त जाणार, आणि येणाऱ्या गाडीची किंमत काय असेल ते कंपनीशिवाय कुणालाच ठाऊक नाही. पहिल्या वर्षातल्या गाडीची खोड काय निघते, हा घोर वेगळाच.

पन्नास वर्षांपूर्वी मात्र कणकवलीत हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. तेव्हा गाडीसाठी नंबर लावायचा, पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. वाट बघून जी मिळायची तीही जुन्याच मॉडेलची. बहुतेकदा फियाट.

ही फियाट ज्याच्या कारखान्यातून येत होती, त्या माणसाने मात्र थांबायचं की घ्यायचं हा प्रश्न आयुष्यात निदान चार वेळा सोडवला होता. कधी बोटीसाठी, कधी विमानासाठी, शेवटी मोटारीसाठी. त्यांचं नाव वालचंद हिराचंद दोशी.

२३ नोव्हेंबर १८८२ ला सोलापुरात जन्मलेला हा मुलगा गुजराती बोलणाऱ्या दिगंबर जैन घरातला. घरचा धंदा सावकारी आणि कापसाचा. पेढीवर बसून व्याज मोजायचं, असं आयुष्य त्यांच्यासाठी तयारच होतं. कॉलेजचं शिक्षण अर्धवट सुटलं आणि ते धंद्यात आले, पण पेढीत मन रमेना. लक्ष्मणराव फाटक नावाचे रेल्वेत काम केलेले गृहस्थ भेटले, आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेऊन या जोडीने कंत्राटदारी सुरू केली. फाटक-वालचंद कंपनीचं नाव झालं. पुढे बोरघाटातले बोगदे, धरणं, पूल अशी मोठमोठी कामं वालचंदांच्या कंपन्यांनी केली. आजची हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी त्यांनीच १९२६ मध्ये काढलेली.

कंत्राटदाराच्या धंद्याने त्यांना एक सवय लावली. काम सुरू करायचं तर हाताशी असलेल्या यंत्रावर सुरू करायचं. विलायतेहून नवं यंत्र येईपर्यंत थांबलं तर पावसाळा गाठतो आणि ठेक्याची मुदत संपते.

ही सवय १९१९ मध्ये महागात पडली. किंवा फळली. कसं बघाल तसं.

पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. युद्धात असंख्य बोटी बुडालेल्या, त्यामुळे माल वाहायला बोट मिळत नव्हती आणि भाडी आभाळाला भिडलेली. नवी बोट बांधून घ्यावी तर गोद्यांकडे आधीच्याच मागण्यांचे ढीग. अशा वेळी वालचंदांच्या कानावर आलं की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची लॉयल्टी नावाची बोट विकायला आहे.

ही बोट जुनी होती. १८९१ च्या सुमारास ती एम्प्रेस ऑफ इंडिया या नावाने कॅनडाच्या कंपनीसाठी पॅसिफिक महासागरात धावू लागली होती. युद्धात महाराजांनी ती विकत घेऊन तिचं जखमी सैनिकांसाठी तरंगतं इस्पितळ केलं. म्हणजे माल वाहायला ही बोट मुळात बांधलेलीच नव्हती, आणि वय अठ्ठावीस वर्षं. आजच्या भाषेत सांगायचं तर डिझेल टेम्पो हवा असताना कुणी जुनी आरामगाडी घ्यावी, तसला प्रकार.

वालचंदांनी ती घेतली. नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद यांच्यासोबत सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. भारतीय मालकीच्या कंपनीची बोट आंतरराष्ट्रीय मार्गावर निघाली, म्हणून आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन असतो.

दिन मोठा झाला, बोट मात्र पैशाच्या हिशेबात पडली. चार वर्षांत, १९२३ मध्ये ती मोडीत निघाली. त्यात भर म्हणजे युद्धानंतरची तेजी ओसरली आणि बोटींचे भाव कोसळले. दीड-दोन वर्षं थांबलेल्या माणसाला तेवढ्याच पैशात बरीच चांगली बोट मिळाली असती.

मग हा सौदा चुकला का? आकड्यांत नक्कीच चुकला. पण तेव्हा समुद्रावर ब्रिटिश कंपन्यांचं राज्य होतं आणि भाड्याचे दर पाडून नवख्याला बुडवणं हा त्यांचा नेहमीचा खेळ. त्यांनी सिंदियाशीही तेच केलं. शेवटी १९२३ मध्ये करार झाला. सिंदियाने किनाऱ्यावरच्या व्यापारापुरतं राहायचं, ताफा ठरलेल्या मर्यादेबाहेर वाढवायचा नाही. अट अपमानाचीच होती, पण करार करायला समोर एक जिवंत कंपनी होती. चांगली बोट मिळेपर्यंत वालचंद थांबले असते तर त्या टेबलावर बसायला कुणी नसतं.

कोकणी माणसाचा वालचंदांशी संबंध आला तो याच कंपनीमुळे. रेल्वे नव्हती, रस्ता धड नव्हता, तेव्हा मुंबईहून मालवण, देवगड, विजयदुर्गाला आगबोटीने यायचं आणि तिथून कणकवलीकडे चालत किंवा बैलगाडीने घाट-उतार करत जायचं. किनाऱ्यावर या बोटी चालवणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी पुढे सिंदियाच्या छत्राखाली आली. वालचंद १९२९ पासून सिंदियाचे अध्यक्ष होते. म्हणजे फियाटच्या कितीतरी आधी कणकवलीकरांनी वालचंदांचं तिकीट काढलं होतं.

आता मोटारीकडे येऊ. पण त्याआधी एक फेरी अमेरिकेची मारावी लागेल, कारण नव्या मॉडेलसाठी थांबायचं का, हा प्रश्न जन्मला तिथेच.

हेन्री फोर्डने १९०८ मध्ये मॉडेल टी काढली आणि जवळपास वीस वर्षं तीच विकली. दीड कोटी गाड्या खपल्या. तिकडे जनरल मोटर्सने दरवर्षी गाडीचं रूप थोडं बदलायचं धोरण धरलं, म्हणजे शेजाऱ्याची नवी बघून आपली आपोआप जुनी वाटावी. शेवटी फोर्डही झुकला. मे १९२७ मध्ये त्याने टी बंद केली, पण नवी मॉडेल ए लोकांसमोर आली ती डिसेंबरात. मधले सहा महिने फोर्डकडे विकायला नवी गाडीच नव्हती. काही गिऱ्हाइकं थांबली, काहींनी शेवरोले घेतली. आणि १९२८ मध्ये या स्वस्त गाड्यांच्या बाजारात क्रायस्लर नावाची तिसरी कंपनी प्लिमथ घेऊन उतरली.

हे प्लिमथ नाव लक्षात असू द्या.

भारतात तेव्हा गाड्या सुट्या भागांत यायच्या आणि इथे फक्त जोडल्या जायच्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत असा कारखाना टाकला, फोर्डही मागोमाग आली. गाडी इथेच बनली पाहिजे, हा ध्यास घेतला होता सर विश्वेश्वरय्यांनी. तिशीच्या दशकात त्यांनी परदेशात फिरून योजना तयार केली आणि वालचंदांना ती पटली. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार होतं, त्यांनी मदतीचा शब्दही दिला. पण १९३९ मध्ये महायुद्ध पेटलं आणि सरकारने राजीनामा दिला. दिल्लीतल्या ब्रिटिश सरकारला या कारखान्यात काडीचा रस नव्हता.

त्याच वर्षी वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, कारण ब्रिटिश साम्राज्यातला धंदा फोर्डच्या कॅनडाच्या कंपनीकडे बांधलेला होता. क्रायस्लरशी मात्र बोलणी पुढे गेली.

आणि परतीच्या विमानात भलतंच घडलं. शेजारी भेटले विल्यम पॉली, चीनला विमानं पुरवणारे आणि तिथे विमानाचा कारखाना चालवणारे अमेरिकन. मोटारीसाठी गेलेला माणूस विमानाच्या कारखान्याची कल्पना घेऊन उतरला. म्हैसूर संस्थान भागीदार झालं आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदवली गेली. आजची एचएएल ती हीच. तिथेही तीच गोष्ट. जे आराखडे मिळाले ते घेतले. कर्टिस हॉक हे लढाऊ विमान इथे जोडलं गेलं तेव्हा अमेरिकेत त्याच्या जागी पुढचं विमान आलेलंही होतं. १९४२ मध्ये सरकारने कंपनीचा ताबा घेतला आणि वालचंद त्यातून बाहेर पडले. विशाखापट्टणमची गोदी १९४१ मध्ये सुरू केली, तिथून जलउषा ही बोट १९४८ मध्ये पाण्यात उतरली, आणि काही वर्षांत तीही सरकारकडे गेली. वालचंदनगर आणि रावळगावचे साखर कारखाने, रावळगावच्या गोळ्या, हा सगळा कारभार शिवाय चालूच होता. एका माणसाने हे कसं सांभाळलं असेल, याचा अंदाज करणंसुद्धा दमवणारं आहे.

मोटारीचं घोडं मात्र युद्धभर अडलेलं राहिलं. सरकार परकीय चलन देईना, यंत्रं आणू देईना. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स नोंदवली गेली, मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. क्रायस्लरच्याच डॉज, डिसोटो आणि प्लिमथ.

इथे दसऱ्याच्या गिऱ्हाइकाने कान टवकारावेत. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेने खाजगी मोटारींचं उत्पादन बंद करून कारखाने युद्धाच्या कामाला जुंपले होते. युद्ध संपल्यावर क्रायस्लरने बाजारात आणल्या त्या १९४२ च्याच गाड्या, जाळी-बिळी बदलून. नव्या आराखड्याच्या गाड्या थेट १९४९ मध्ये आल्या. म्हणजे कुर्ल्यात ज्या गाडीने सुरुवात झाली, ती मूळ देशात निरोपाच्या रांगेत उभी होती.

वालचंदांनी दोन वर्षं थांबायला हवं होतं का?

कागदावर हो. पण १९४७ चं हिंदुस्थान डोळ्यांसमोर आणा. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ पासूनच नोंदलेली होती. नवं सरकार कुणाला परवाने देणार, आयातीवर काय बंधनं घालणार, काहीच पक्कं नव्हतं. आणि झालंही तसंच. १९४९ मध्ये तयार गाड्यांची आयात बंद झाली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवलं की ज्यांच्याकडे गाडीचे भाग इथेच बनवायचा कार्यक्रम आहे, त्यांनीच धंदा करावा. नुसती जोडणी करणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. कुर्ल्याचा कारखाना जुन्या गाडीने का होईना आधी सुरू झाला होता, म्हणून तो टिकला. लॉयल्टीचाच हिशेब पुन्हा एकदा.

एक गोष्ट मात्र वालचंदांना लवकर कळली असावी. अमेरिकेच्या त्या लांबरुंद, पेट्रोल पिणाऱ्या गाड्या इथल्या मध्यमवर्गाच्या कामाच्या नव्हत्या. म्हणून कंपनी इटलीच्या फियाटकडे वळली आणि १९५१ मध्ये छोटी फियाट ५०० कुर्ल्यात जोडली जाऊ लागली. ही गाडी मुळात १९३६ ची, इटलीत तिचेही शेवटचे दिवस चालू होते. १९५५ मध्ये तिच्या जागी फियाट ६०० आली.

या घडामोडी वालचंदांनी दुरूनच पाहिल्या. १९४९ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला होता, १९५० मध्ये त्यांनी कारभारातून निवृत्ती घेतली आणि सूत्रं भाऊ लालचंद आणि इतरांकडे गेली. मार्च १९५३ मध्ये जिनेव्हाच्या प्रदर्शनात फियाटने पूर्णपणे नवी ११०० गाडी दाखवली. पुढच्याच महिन्यात, ८ एप्रिल १९५३ ला, गुजरातमधल्या सिद्धपूरला वालचंद वारले. वय सत्तर.

ती नवी ११०० वर्षभरातच कुर्ल्यात बनू लागली. गोलमटोल अंग आणि पुढे काढलेलं नाक बघून लोकांनी तिला डुक्कर फियाट म्हणायला सुरुवात केली. या एकदाच असं झालं की युरोपात ताजी असलेली गाडी इथल्या माणसाला जवळपास ताजीच मिळाली. १९६४ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती, ११००डी आली.

आणि मग घड्याळ थांबलं.

इटलीत ११००डी १९६६ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी १२४ आली, १९६९ मध्ये १२८ आली. कुर्ल्यात मात्र ११००डीच चालू. आधी फियाट, मग प्रीमियर प्रेसिडेंट, आणि १९७४ च्या सुमारास प्रीमियर पद्मिनी. नाव बदललं, गाडी तीच. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. फियाट १२४ चा सांगाडा ११८ एनई या नावाने भारतात आला तो १९८५ मध्ये, म्हणजे एकोणीस वर्षांनी.

दोष एकट्या कंपनीचा नव्हता. किती गाड्या बनवायच्या यावर परवान्याचं बंधन, यंत्रं आणायची तर परकीय चलनाची मारामार, आणि १९६९ मध्ये सरकारने गाडीची किंमतसुद्धा ठरवून दिली. त्याविरुद्ध प्रीमियर सुप्रीम कोर्टात गेली होती. पण कंपनीला घाम फुटावा अशी स्पर्धाही नव्हती. दारात रांग लागलेली असताना नवा साचा कोण बनवतो? परदेशी स्पर्धेपासून संरक्षण हवं, ही मागणी वालचंदांनी आयुष्यभर केली होती आणि नवख्या धंद्यासाठी ती रास्तही होती. ते संरक्षण धंदा तिशीत पोचला तरी उठलं नाही, आणि त्याचं बिल गिऱ्हाइकाने भरलं.

या बंद बाजारात दसऱ्याचा हिशेब पार उलटा झाला. आज शोरूमबाहेर पडताच गाडीची किंमत उतरते. तेव्हा नंबर लागून हातात आलेली फियाट दुसऱ्या दिवशी विकली तर कोऱ्या गाडीपेक्षा जास्त पैसे मिळायचे, कारण घेणाऱ्याची काही वर्षांची रांग वाचायची. गाडी जुनी होण्याची भीतीच नव्हती. पुढचं मॉडेल येणार असतं तर ती जुनी झाली असती ना.

ही रांग मोडली १९८३ मध्ये. मारुती ८०० ची नोंदणी उघडली आणि दोन महिन्यांत सव्वा लाखाहून जास्त लोकांनी पैसे भरले. डिसेंबरात पहिल्या गाड्या मिळाल्या. आणि १९८६ मध्ये मारुतीने ८०० चं अख्खं रूपडं बदलून टाकलं. पहिल्या झटक्यात गाडी मिळाली म्हणून पेढे वाटलेल्यांच्या दारात तीन वर्षांत जुनं मॉडेल उभं होतं. नव्या येणाऱ्या गाडीमुळे आपली जुनी ठरते, हा अनुभव भारतातल्या मध्यमवर्गाने पहिल्यांदा घेतला तो असा.

पद्मिनी त्यानंतरही पंधरा-सोळा वर्षं रेटली आणि या शतकाच्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं. कुर्ल्यात कारखान्याच्या जमिनीवर आता कोहिनूर सिटी उभी आहे. वालचंदांचं नाव सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला आहे, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला आहे.

त्यांच्या कंपनीची गाडी मात्र कणकवलीच्या माणसाने सगळ्यात जास्त वापरली ती स्वतःची म्हणून नव्हे. गावाहून रात्रभर प्रवास करून पहाटे दादरला उतरायचं, डोक्यावरचं फणस-तांदळाचं बोचकं काळ्या-पिवळ्या पद्मिनीच्या टपावर चढवायचं आणि लालबाग-परळ गाठायचं. यातली शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते. तिची ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.